झोपलेला डबा

आमच्या नीलूच्या डब्याचं सांगतो. सिहोरा रस्त्यावर गाड्या मोजायला नातीने खांबाखांबावर यंत्राचे डबे लावलेत. पाळी आली की डबा ऑफिसला आकडा पाठवतो, मग दिवा मालवून झोपतो. उद्या साहेब पाहायला येणार, आणि आज दोन डबे एकदम बोलत होते. ऑफिसात काहीच धड पोहोचेना.

नीलू धावत आली. आमच्या दारातल्या खांबावरच्या डब्याचं बटन माझी म्हातारी दाबून राहिली होती.

"आजी, काहून उठवते त्याला?"

"साहेबाला झोपलेला दिसला तर तुझी नोकरी जाईल, बाई!"

"अगं, तो गप्प राहतो म्हणून तर बाकीच्यांचं ऐकू येतं!"

म्हातारीने बटन सोडलं, माझ्याकडे पाहिलं. "अच्छा! म्हणून हे जन्मभर गप्प बसले?"

मी नुसता हसलो. माझी पाळी अजून आली नव्हती.