जावयाच्या कमरेची राखण

चहा येईस्तोवर एवढं ऐका. आमचे जावई गावोगाव गिटार वाजवत फिरतात. त्यांचा अँप, म्हंजी गिटारचा आवाज मोठा करायचा खोका, जुन्या रेडिओसारखा, आत काचेचे व्हॉल्व्ह, वजनाला गव्हाचं पोतं. तो वाहून त्यांची कंबर धरली. म्हणून लेकीनं अँपच्या जागी हलकी डिजिटल डबी घेऊन दिली, अन् कन्नड गावच्या कार्यक्रमाला मला सोबत धाडलं. म्हणाली, "बाबा, त्यांना अँप उचलू देऊ नका."

तिथं जावयांनी डबी जोडून गिटार वाजवली अन् तोंड कडू केलं.

"आवाज तर लई चांगला आला की," मी म्हणलं.

"मामा, हळू छेडा नायतर जोरात हाणा, ही डबी कारकुनागत एकच उत्तर देते. अँपला बोटाचा राग कळतो. टेम्पोत सतरंजीखाली घालून आणलाय. पण उचलणार नाय, असा तुमच्या लेकीला शब्द दिलाय."

बाकीची मंडळी जेवायला गेलेली. मग काय, मीच उचलला.

कार्यक्रम झकास झाला. लेकीचा फोन आला तवा मी स्टेजमागं त्याच सतरंजीवर आडवा होतो.

"बाबा, त्यांनी अँप उचलला नाय ना?"

"नाय बाई, बोटसुद्धा लावलं नाय. त्यांच्या कमरेचं मलम कोणत्या पिशवीत घातलंस, तेवढं सांग."