पदर बाहेर

लाँड्रीच्या रांगेत पुढे उभ्या बापलेकीचं बोलणं मास्तरांच्या कानावर पडत होतं.

“बाबा, हातमागाचं रेशीम वर्षभर एकाच घडीत राहिलं की घडीवर चिरतं. उलगडू द्या ना साडी यांना.”

“तुझ्या आईच्या हातची शेवटची घडी आहे गं.”

“साडीच फाटली तर घडी कसली ठेवता?”

“तेही खरंच. मला काही सुधरत नाही.”

“आणि ही आईची घडी नाहीच. ती जरीचा पदर आत घालायची. हा बाहेर आहे.”

“तिचीच आहे. दवाखान्यात निघायची घाई होती. चुकली.”

“काका, ठरलं का? मागे रांग आहे,” लाँड्रीवाला म्हणाला.

“सावकाश होऊ द्या,” मास्तर म्हणाले.

“उलगडा मग,” वडील लाँड्रीवाल्याला म्हणाले. “पण परत अशीच चुकीची घडी घालता येईल का तुम्हाला?”