मस्कत किती लांब

(पेणजवळ, धरमतर खाडीकाठच्या गावात काळुरामचं घर. काल त्याला अग्नी दिला. आज संध्याकाळी मुलगा पुंडलिक मस्कतहून पोचलाय. ओटीवर तो आणि रोह्याहून आलेली मोठी बहीण चंद्रावती. आई ठमाबाई आत.)

चंद्रावती : ते ऱ्हाऊ दे. विमानात किती वेळ होतास, ते सांग.

पुंडलिक : ताई, आत्ता बॅग ठेवली गो मी.

चंद्रावती : किती वेळ?

पुंडलिक : दीड दिवस. तीन विमानं बदलायला लागतात. म्हायत हाय ना तुला.

चंद्रावती : कंपनीत माझ्या शिफ्टला रंभा हाय, तिचा नवरा मस्कतलाच असतो. पहाटे तिकडनं निघतो नि दुपारी रोह्यात जेवायला बसतो. अडीच तासांचं विमान. मला रोह्यातनं मुंबई गाठायला त्याहून जास्त लागतात, पुंड्या.

पुंडलिक : आये कुठं हाय?

चंद्रावती : न्हाणीत, पाणी तापवतेय. हळू बोल, पण बोल.

पुंडलिक : पहिल्या वर्षी गणपतीला बोलावलंत, तेव्हा दीड दिवस लागतो म्हणालो होतो. यायचा कंटाळा आलेला, दुसरं काय नाय. मग दर वर्षी तेच सांगत गेलो.

चंद्रावती : गणपतीचं सोड. काल सकाळी बाबा गेले म्हणून फोन केला तुला. दीड दिवस कोण थांबणार म्हणून गाववाले लगेच न्यायला निघालेले. मी त्यांच्या वाटेत आडवी आले. होडीवाल्यांकडनं बर्फ आणवला. दिवस मावळेस्तोवर थांबा, म्हणून एकेकाच्या पाया पडले. आणि पेणच्या स्टँडवर जाऊन उभी, येईल त्या गाडीत तुला बघत.

पुंडलिक : तिकीट मिळालं होतं. कालचंच.

चंद्रावती : मग?

पुंडलिक : विमानतळावर रांगेत उभा राहिलो. तेव्हा डोक्यात आलं, आज दारात दिसलो तर सगळे विचारतील, एवढ्यात कसा आला हा? बाबांच्या पुढ्यात, चारचौघांत. पाय उचलेना, ताई. विमान गेलं. मी तिथंच बाकड्यावर बसून राहिलो.

चंद्रावती : कशासाठी?

पुंडलिक : दीड दिवस भरावा म्हणून.

चंद्रावती : इथं विठूनं अग्नी दिला. पुतण्यानं. तू असताना.

पुंडलिक : थोबाडीत मार माझ्या.

चंद्रावती : नाय मारणार. तुला तेवढंच बरं वाटेल.

पुंडलिक : आयेला सांगितलंस?

चंद्रावती : कुठल्या तोंडानं? बायका विचारत होत्या, पोरगा कसा नाय आला. ती एकेकीला समजावत बसलेली, लय लांब हाय गो, त्याचा काय दोष. सांगायचं तर तू सांग.

ठमाबाई : सरक रे पुंडलिका. पाय दे या घमेल्यात.

पुंडलिक : आये, तू नको गो!

ठमाबाई : गप. केवढे सुजलेत बघ. एवढा वेळ लोंबकळत ठेवल्यावर सुजणारच. चंद्रे, मूठभर मीठ आण.

चंद्रावती : आणते.

ठमाबाई : बापानं तुझ्या जरा थांबायला पायजे होतं. घाई केलीन. रडू नको, बाळा. तुझ्या हातात काय होतं?

चंद्रावती : हे घे मीठ. पुंड्या, बोल.

पुंडलिक : आये, अडीच तास लागतात गो. मस्कतहून मुंबई अडीच तास. मी काल येऊ शकत होतो.

चंद्रावती : आये... ऐकलंस ना तू?

ठमाबाई : ऐकलं. पाणी निवतंय. दुसरा पाय दे.