सात सुनांचं मतदान

...नाही, पण मला एक सांगा, ह्यात माझं काय चुकलं? मी काय खुर्ची मागितली होती? मला कारखान्यावर डायरेक्टर व्हायचं होतं? तुम्हाला सांगते, मी फक्त मत मागितलं होतं! एका गेमबद्दल! कॉम्प्युटरवरच्या! आणि त्यापायी आज बारामतीपासून इंदापूरपर्यंत कुठंही जा, एक माणूस माझ्याशी बोलत नाही आणि दुसरा मला बघून अंगठा खाली करतो... हसू नका. हसण्यासारखं आहे, मला कळतं, पण हसू नका, कारण ह्यात एका बाईचं नुकसान झालंय, आणि ते मी केलंय. मीच.

गेम कुठला? 'सेव्हन सन्स'. सात सूर्य. जुना गेम हो, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा. आकाशात सात सूर्य, प्रत्येकाभोवती ग्रह, आपण यानं बांधायची, ग्रह ताब्यात घ्यायचे, शेजाऱ्याशी तह करायचा, मग सोयीनं तो मोडायचा... म्हणजे आपल्याकडे खाली जे चालतं तेच, फक्त वर. वालचंदनगरला माझ्या आत्याच्या क्वार्टरमध्ये त्याची सीडी होती. मी सुट्टीला जायचे, आणि शेजारून, मामाकडं शाळेसाठी राहिलेला सिद्धू यायचा. सीडीवर इंग्रजी अक्षरं, एस-यू-एन-एस. सिद्धूनं वाचलं, "सुन्स." मग जरा विचार केला आणि म्हणाला, "सात सुना!" झालं! अख्ख्या कॉलनीत तो गेम 'सात सुना'. "थोरल्या सुनेवर हल्ला झालाय!" "धाकटी माझ्या ताब्यात हाय, तिकडं यायचं न्हाय!" आणि आत्या पीठ लागलेल्या हातानं धावत बाहेर यायची, कुणाच्या घरात काय झालं म्हणून!

मग मला शिकायला पाठवलं. सहावीत डेहराडून, पुढं नेदरलँड. तिकडं एकटी असताना मी काय खेळायचे? सात सुना. आणि एक दिवस बातमी आली, तो गेम पुन्हा येतोय, नव्यानं बांधलाय, तेरा भाषांमध्ये! मी यादी बघितली. फिनिश होती. फिनिश! अहो, आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात त्या देशापेक्षा जास्त माणसं राहतात! माझं डोकं फिरलं. मी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं, नवव्या पत्राला कंटाळून ते म्हणाले, बरं बाई, तू कर मराठी, आम्ही घालतो. पण एक अट. महिनाभरात खेळणाऱ्या पाचशे मराठी माणसांनी गेमबद्दल त्यांना काय वाटतं ते लिहायचं. चांगलं लिहा, वाईट लिहा, पण लिहा. लिहिलं तर मराठी राहील. नाहीतर काढून टाकू.

मी बॅग भरली आणि परत आले. कायमची! पाचशे माणसं? आमच्याकडं पाचशे माणसं नुसती लग्नात वाढायला असतात!

आता ती चूक ऐका. गेमचा फुकट नमुना होता, फोनवरही चालायचा. तासभर खेळलं की खाली पान उघडायचं. अंगठा वर, अंगठा खाली, आणि लिहायला एक चौकट. त्या चौकटीवर काय शब्द घालायचा? मी दोन दिवस विचार केला. 'अभिप्राय'? छे! अभिप्राय शाळातपासणीला आलेले साहेब वहीत लिहितात. 'प्रतिसाद'? 'प्रतिक्रिया'? माझ्या माणसांच्या तोंडातला शब्द पाहिजे! साधा! रोजचा! आणि मी लिहिलं, 'आपले मत द्या'. एवढी खूश झाले होते मी त्या दोन अक्षरांवर की स्वतःलाच चहा करून दिला.

तो शब्द पहिल्यांदा वाचला आमच्या आप्पांनी. आप्पा म्हणजे आप्पासाहेब, माझे थोरले चुलते. सोसायटी, पंचायत, पतपेढी, अशी एक निवडणूक नाही जी आप्पांनी लढवली, पाडली किंवा फिरवली नाही. मागच्या सालापासून घरात बसून होते, कुठलीच निवडणूक नव्हती म्हणून आजारी पडल्यासारखे. मी म्हटलं, आप्पा, ओळखीच्यांना सांगा ना, तासभर खेळा आणि मत द्या. आप्पा खुर्चीत सरळ झाले. चष्मा काढला.

"मतदान कवा हाय?"

"मतदान नाही हो आप्पा. मत! काय वाटतं ते!"

"तेच की. विरोधात कोण हाय?"

"विरोधात कोणी नाही. गेम आहे तो!"

"म्हंजे बिनविरोध? ताई, बिनविरोधाला माणूस घराबाहेर पडत न्हाय. पाचशे पायजेत म्हणतीस, मंग विरोधात कुणीतरी उभा कर!"

आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन लावला. कुणाला? सिद्धूला! नवा गेम बघून त्यानं नाक मुरडलं, हे मीच घरात बोलले होते. सिद्धूचं आता इंदापुरात दुकान आहे, एसटी स्टँडच्या मागं, पुढं मोबाईल दुरुस्ती आणि आत चार कॉम्प्युटर. आप्पा म्हणाले, "सिद्धू, तुला नवा गेम पसंत न्हाय ना? मंग जुन्याचं पॅनेल तू घे. नव्याचं मी बघतो. चिन्ह ठरलंय. माजा अंगठा वर, तुजा खाली."

तुम्हाला सांगते, मी फक्त मत मागितलं होतं! आठ दिवसांत दोन पॅनेल उभी राहिली. 'नवसूर्य' आणि 'जुनी सून'. ज्यांनी जन्मात गेम बघितला नाही ते जीपमधून फिरायला लागले. कोण कुणाच्या बाजूला? गेम बघून? छट्! आप्पांची भावकी वर, आप्पांच्या साडूची भावकी खाली, कारण साडू आणि आप्पा सतरा सालापासून बोलत नाहीत. एक गृहस्थ मला विचारतात, "ताईसाहेब, घरटी किती मतं धरायची?" दुसरे विचारतात, "बोटाला शाई लावणार का?"

मी धावत सिद्धूकडं गेले. म्हटलं, अरे तू तरी शहाणा आहेस, तू खेळलायस, तुला खरंच काय वाटतं? आणि सिद्धू जे बोलला ना... हातातला फोन खाली ठेवून, स्क्रू ड्रायव्हर हलवत बोलला.

"ताई, जुन्यात यान कसं दिसायचं? शंकरपाळं! काळ्या पडद्यावर एक शंकरपाळं. पर ते बुडालं तर मला जेवान जायचं न्हाय. आता ह्ये बघा, झगमग झगमग, लग्नाचा मांडव नेलाय वर. कोण मेलं, कोण जगलं, कळत बी न्हाय. आन् दम म्हणून न्हाय! जुन्यात माजी चाल झाली की जग थांबायचं. मी च्या पिऊन येस्तवर दुश्मन गप हुबा. आता मी च्या प्यायला गेलो की दोन सुना गेल्या! आन् तो निळा ढग? त्याच्या कडंला यानं लावली की कुणाला दिसत न्हवती..."

"सिद्धू, ती चूक होती गेममधली. त्यांनी दुरुस्त केली."

"चूक?" सिद्धूचा आवाज एकदम खाली आला. "धा वर्षं त्या ढगात लपून बसलोय मी. कुणाला इचारून दुरुस्त केली?"

अहो, ह्याच्यासाठीच तर सगळं! हे त्या परदेशातल्या कंपनीला कोण सांगणार होतं? मी म्हटलं, सिद्धू, हेच लिही! जसंच्या तसं! शंकरपाळं लिही, ढग लिही!

"लिहू?" सिद्धू हसला. "तोंडानं काय बी सांगतो, ताई. लिहिलं की नाव लागतंय. उद्या कुणी म्हणलं, सिद्धूनं असं लिहिलं होतं..."

"कोण म्हणणार आहे?"

"कुणी बी."

त्याच दुकानात आतल्या कॉम्प्युटरवर बानूमावशी बसायच्या. सिद्धूची आई. जन्मभर मेंढरं घेऊन कोकणात उतरलेली आणि परत चढलेली बाई. चौथी शिकलेल्या, अक्षराला अक्षर लावून वाचतात. दुपारी लेकाला डबा घेऊन आल्या होत्या आणि पडद्यावर वाचलं, 'आपली यानं दमली आहेत. त्यांना विसावा द्या.' माझं वाक्य! मी लिहिलेलं! मावशी म्हणाल्या, "आं? ही मशीन दमली म्हणती?" आणि बसल्या त्या बसल्याच. तीन आठवड्यांत चार सूर्य जिंकले. त्यातले दोन सिद्धूचे. कुठली यानं कुठं चरायला न्यायची... म्हणजे, न्यायची, कधी हलवायची, कुणाच्या हद्दीतून गुपचूप काढायची, सगळं त्यांना न सांगता येत होतं. मी शेजारी बसून बघायचे. माझे साठ हजार शब्द एका माणसासाठी कामाला आले, असं वाटायचं. सिद्धू चिडायचा. "आये, माजी धाकटी सून दे माघारी!" "घेऊन दाव," मावशी म्हणायच्या, मान न वळवता.

मग आला रविवार. आप्पांनीच ठरवला, आठ ते पाच. सिद्धूच्या दुकानात बूथ. सिद्धूनं आधीच तासभर खेळून मताचं पान उघडून ठेवलं होतं, आणि आप्पांनी वॉशिंग मशीनचं खोकं आणून कॉम्प्युटरला आडोसा केला. मी म्हटलं, हे कशाला? आप्पा म्हणाले, "मत गुप्त पायजे, ताई. एवढं शिकलीस आन् एवढं ठावं न्हाय?" मी दारात उभी राहून प्रत्येकाला हात जोडून सांगत होते, अंगठ्याचं सोडा, चौकटीत काहीतरी लिहा, मनातलं लिहा! माणसं माझ्याकडं कशी बघायची माहितीय? मी त्यांच्या कपाटाची किल्ली मागितल्यासारखं. एक आजोबा म्हणाले, "बायकोला सांगत न्हाय, तुमाला कसं सांगू?" मी फक्त मत मागितलं होतं हो! काय वाटतं, एवढंच!

बानूमावशी खोक्यामागं गेल्या. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी डोकावले. मावशी अंगठ्याचं बटण दाबतायत. अंगठा उजळतोय. पुन्हा दाबतायत. विझतोय. पुन्हा. उजळतोय, विझतोय...

"मावशी, काय करताय?"

"अगं, पीं वाजंना. पीं वाजल्याबिगर मत कसं पडंल?"

मी खाली बसले. म्हटलं, मावशी, इथं पीं नसतं. आणि ते दाबूच नका. तुम्हाला हा गेम आवडतो ना? मग ह्या चौकटीत तेवढं लिहा. एक ओळ. मी लिहू का, तुम्ही सांगा?

मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, आमी सुप्याकडं वस्तीला होतो तवाची गोष्ट. ह्यांनी, सिद्धूच्या बापानी, पारावर सांगितलं आमचं मत कुणाला ते. मोठ्यांदा. काय चोरी हाय का, म्हणाले. त्यो उन्हाळा सारा टँकर आमच्या वस्तीवर वळला न्हाय. पुढच्या वस्तीला जायाचा, आमच्या दारावरनं. बावीस मेंढरं पाण्यावाचून गेली. तवापासून आमच्या घरात मत कुणी बोलत न्हाय. तुला राग येईल, पर मी लिवणार न्हाय."

डेहराडून, नेदरलँड, साठ हजार शब्द... त्या एका शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता. मी उठून बाहेर आले. बाहेर आप्पा टक्केवारी काढत होते.

फोनवरची धरून आठशे अकरा मतं! पाचशे मागितली होती, आठशे अकरा! अंगठा वर चारशे दोन, खाली चारशे नऊ. सिद्धूचं पॅनेल सात मतांनी निवडून आलं, गुलाल उडाला, आप्पांनी फेरमोजणी मागितली. कुणाकडं? माझ्याकडं! आणि लिहिलेली किती? मी चौकटी उघडत गेले. रिकामी. रिकामी. 'गुप्त'. रिकामी. 'गुप्त आहे'. 'आप्पांचा शब्द'. एकानं सुप्याकडच्या रस्त्यावर खडी टाकायची मागणी केली होती, सविस्तर, नकाशासकट. गेमबद्दल एक अक्षर नाही. शंकरपाळं नाही, ढग नाही, दमलेली यानं नाहीत.

कंपनीचं पत्र तिसऱ्या दिवशी आलं. फार सभ्य होतं. एवढी माणसं आली ह्याचं त्यांना आश्चर्य वाटलं. परंतु मराठी खेळाडूंना ह्या गेमबद्दल सांगण्यासारखं काही नाही असं दिसतं... असं वाक्य होतं. सांगण्यासारखं काही नाही! आठशे अकरा माणसांना! मी परत लिहिलं, नऊ पत्रं लिहिणारी मी, दहावं लिहिलं, अहो त्यांच्याकडं सांगण्यासारखं इतकं आहे की त्यांनी ते सांगायचं बंद केलंय! त्याचं उत्तर यंत्रानं दिलं. आभारी आहोत म्हणून. आणि एक तारखेला मराठी गेली.

आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणाले, "जाऊ दे. पडलो तरी सातनीच पडलो." सिद्धूला सांगितलं. तो जिंकलेला माणूस, त्याचा चेहरा उतरला. "आये कशी खेळणार मंग?" म्हणाला. आता! आता सुचलं त्याला!

बानूमावशींना मीच सांगायला गेले. त्या कॉम्प्युटरपुढं बसल्या होत्या, पडद्यावर इंग्रजी, आणि त्या एका अक्षरावर बोट ठेवून त्याला दुसरं अक्षर लावायचा प्रयत्न करत होत्या. लागत नव्हतं. मला विचारलं, "ह्ये मुकं का झालं गं?" मी सांगितलं. सगळं, माझ्या शब्दासकट. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

म्हणून आता मी रोज दुपारी इंदापूरला जाते. एसटीनं. स्टूल घेऊन त्यांच्याशेजारी बसते आणि पडद्यावरचं एकेक वाक्य वाचून मराठीत सांगते. तोंडी. ते साठ हजार शब्द परत पहिल्यापासून, एका माणसाला. शिकून आलेली पोरगी हेच काम करते का, असं लोक विचारतात, विचारू देत. परवा असंच वाचत होते, 'उत्तरेकडून शत्रूचा ताफा येत आहे.' आणि मला राहवेना, मी म्हटलं, मावशी, मला वाटतं आपण तह करावा, उगीच कशाला... मावशींनी माऊसवरचा हात उचलला. माझ्याकडं वळून बघितलं. म्हणाल्या,

"बाय, लिवलंय तेवढं वाच. मधी मधी तुजं मत घालू नगं."

बरं म्हटलं.