काचेवरचा ठिपका

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. बाईंच्या डोळ्यांत थेंब घातले होते, म्हणून त्या डोळे मिटूनच बोलत होत्या.

“अहो, परवा तुम्ही माझ्या फोनला काय केलंत?”

“मी काय करणार? तो म्हणाला, अपडेट करू का? मी म्हटलं, कर बाबा.”

“त्याला लगेच हो. मी काही विचारलं की बघू.”

“अगं, तो रोज विचारत होता. मलाच लाज वाटली.”

“सगळी चित्रं इकडची तिकडे झाली. लेकीच्या फोटोवर तुम्ही नेलपॉलिशचा ठिपका लावला होतात ना?”

“चांगला पट्टीने मापून लावलाय. जन्मभर सुतारकाम केलंय मी. बोटाला लागावा म्हणून दोन थर दिलेत.”

“ठिपका जागच्या जागी आहे. खालून लेक सरकली.”

“मग आता ठिपक्याखाली कोण आलंय?”

“तुम्ही.”

“म्हणजे कालपासूनचे ते चार फोन...”

“लेकीलाच लावत होते.”

“आणि मी गच्चीवरून धावत खाली येतोय, तुला काही झालं की काय म्हणून! घरी गेल्यावर आधी तो ठिपका खरवडतो.”

“लेकीसाठी दुसरा लावा. हा राहू दे.”

“का?”

“हाका मारून घसा बसतो माझा, तरी तुम्ही ओ देत नाही. फोनला मात्र धावत येता.”





“मग याला तिसरा थर देतो.”