पक्ष एकच, पट्टे किती?

नाही, मला एक सांगा, माणसानं किती दात दाखवून हसावं हे कधी मतदान घेऊन ठरतं का? आमच्या पक्षात ठरतं! दुपारी तीनला बैठक सुरू झाली ती साडेसहाला संपली, आणि विषय एकच, पत्रकावरच्या फोटोत उमेदवाराचं हसू कसं असावं. आता उमेदवार कोण, तर मी. दातांची डॉक्टर. तेवीस वर्षं लोकांना 'आ करा' म्हणतेय, आणि त्या दिवशी साडेतीन तास मलाच कुणी तोंड उघडू दिलं नाही.

तुम्हाला सांगते, आमच्या पक्षात दोन गट आहेत. एक मवाळ, एक पुरोगामी. मवाळांचे म्होरके म्हणजे आमचे निवृत्त हेडमास्तर. त्यांचं सगळं टप्प्याटप्प्यानं. खुर्चीत बसायचं तरी आधी ती हलवून बघणार, मग कडेला टेकणार, मग परिस्थिती अनुकूल वाटली तर पाठ टेकणार. पुरोगाम्यांच्या म्होरक्या वकीलबाई. त्यांना सगळं कालच हवं होतं, आज दिलंत तर त्या 'उशीर का केलात' म्हणून भांडतात. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांकडे बघत माझ्याशी बोलतात. आणि बाहेरच्या कुणी विचारलंच, की अहो, तुमच्यात हे काय चाललंय, तर दोघं एका सुरात... "मतभेद आहेत, पण पक्ष एकच!"

मग मी कशाला पडले या भानगडीत? सासूबाईंमुळे! माझा दवाखाना रस्त्याच्या या बाजूला, वरतीच घर, आणि वाचनालय त्या बाजूला. सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर, घरी पेपर येतो, पण त्यांना तो वाचनालयातच जाऊन वाचायचा असतो, कारण घरी म्हणे वाचून झाल्यावर बोलायला कुणी नसतं. (मी असते, पण ते सोडा.) मधला रस्ता हा एवढा रुंद, सिग्नल नाही, पट्टे नाहीत, काही नाही. एक दिवस मी पेशंटची दाढ काढत होते, सहज खिडकीतून बघितलं तर सासूबाई रस्त्याच्या मधोमध. पुढून ट्रक, मागून बस, आणि त्या पिशवी छातीशी धरून उभ्या. तुम्हाला खोटं वाटेल, तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी दाढ अर्धवट सोडली. पेशंटला तसाच 'आ' करून ठेवला आणि धावले. घरी आल्यावर त्या पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "निवडणुकीला तू उभी राहतेस, की मी राहू?"

राहिले मी! मला क्रांती नको होती, स्थैर्य नको होतं, मला त्या रस्त्यावर पांढरे पट्टे हवे होते. एवढंच.

आणि तिकीट मिळालं कसं, तेही ऐका. हेडमास्तर माझे पेशंट, वकीलबाईही माझ्याच पेशंट. दोघंही खुर्चीत बसल्यावर, मी हत्यारं हातात घेईपर्यंत, आपापले विचार सांगणार, आणि मी मास्कच्या आतून 'हं... हं...' करणार. दुसरं काय करणार? हेडमास्तरांना वाटलं मी मवाळ, वकीलबाईंना वाटलं मी पुरोगामी. पाच बैठकांत ज्यांचं एका नावावर एकमत झालं नाही, त्यांचं माझ्यावर झालं, ते केवळ त्या मास्कमुळे. पण पक्ष एकच!

तर ते हसू. हेडमास्तरांचं म्हणणं, ओठ मिटून हसावं, दात दिसले की मतदार बिचकतो. वकीलबाईंचं म्हणणं, बत्तीसच्या बत्तीस दिसलेच पाहिजेत, लपवायचंय काय? शेवटी तोडगा निघाला... डावीकडून हसायचं, उजवीकडून मिटायचं. फोटो छापून आला आणि अख्ख्या वॉर्डात मी अशी, भूल देऊन अर्धा गाल बधिर केल्यासारखी! तीन जणांनी दवाखान्यात येऊन विचारलं, डॉक्टर, तुमचा दात कुणी काढला हो, त्याच्याकडे जायचं नाहीये म्हणून विचारतो.

मग जाहीरनामा. मी म्हटलं, आता माझे पट्टे घाला. हेडमास्तर म्हणाले, घालू की, पण आधी अभ्यास करू, किती लोक रस्ता ओलांडतात ते मोजू. तीन दिवस ते वही घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानाच्या छपराखाली उभे. निष्कर्ष काय, तर तीन दिवसांत रस्ता ओलांडला चौघांनी, त्यातले दोघे अर्ध्यातून परत फिरले, तस्मात पट्ट्यांची मागणी लोकांतून आलेली नाही! अहो, पट्टेच नाहीत म्हणून कुणी ओलांडत नाही ना? म्हणाले, तो मुद्दा दुसऱ्या टप्प्यात घेऊ. मी वकीलबाईंकडे गेले. त्या भडकल्याच. "पट्टे? म्हणजे माणसानं चालायचं तेवढ्याच दीड हातात, आणि बाकीचा रस्ता मोटारींच्या बापाचा? अख्खा रस्ता माणसांचा आहे, डॉक्टर! पट्टे मागणं म्हणजे शरणागती!" मी कपाळाला हात लावला. एकाला पट्टे फार वाटतात, एकीला कमी वाटतात, आणि सासूबाई रोज जीव मुठीत धरून तिथून जातायत. पण पक्ष एकच!

प्रचाराच्या गाडीत माइक एक. तो कुणी धरायचा यावर पहिले दोन दिवस गाडी दारातच उभी. मग ठरलं, दोघांनी मिळून धरायचा आणि आळीपाळीनं बोलायचं. गाडी निघाली. हेडमास्तर, "आपल्या उमेदवार निवडून आल्यास या रस्त्यावर पट्टे..." वकीलबाई, "...नकोत, मोटारीच बंद!" हेडमास्तर, "...करण्याच्या शक्यतेचा अभ्यास..." वकीलबाई, "...ताबडतोब!" हेडमास्तर, "...योग्य वेळी!" लोक गॅलरीत येऊन बघायचे. कुणी हसायचं, कुणी खिडक्या लावून घ्यायचं. मी मागे बसून हात हलवत होते, आणि काय सांगू, मला मनापासून वाटत होतं की आपण पडणार. पट्ट्यांचं काही होणार नाही, आणि एक दिवस त्या खिडकीतून मला बघू नये ते बघावं लागणार. झोप उडाली होती माझी.

आणि निवडून आले हो! कशी आले म्हणता? समोरच्या पक्षात तीन गट होते.

निकालाच्या दिवशी हेडमास्तर म्हणाले, हा संयमाचा विजय. वकीलबाई म्हणाल्या, हा आक्रमकतेचा विजय. मी म्हटलं, असेल, आता माझे पट्टे. सात बैठका! सातव्या बैठकीत मी टेबलावर दात काढायचा चिमटा आपटला आणि म्हटलं, पट्टे झाले नाहीत तर उद्यापासून दोघांनी दाढेसाठी दुसरा डॉक्टर बघा. दोघांचा हात आपोआप गालावर गेला, आणि तासाभरात एकमत झालं. मला रडू आलं, खरंच. घरी आल्या आल्या सासूबाईंना म्हटलं, "आई, झालं काम."

दुसऱ्या दिवशी रंगारी आले. वकीलबाईंच्या आग्रहाखातर पट्टे नेहमीच्या दुप्पट रुंद, पांढरेशुभ्र, आणि त्याच दुपारी, ताबडतोब. आणि हेडमास्तरांच्या आग्रहाखातर... अर्ध्या रस्त्यापर्यंत. पहिला टप्पा म्हणे. लोकांचा प्रतिसाद बघून पुढचा. मी रंगाऱ्याचा हात धरला, अहो, पुढे? तो म्हणाला, बाई, कागदावर दोघांच्या सह्या आहेत, दोघांच्याही याच्यापुढे नाहीत. फीत कापायला दोघंही हजर, एकच कात्री, दोघांनी मिळून धरलेली. पेपरात फोटो आला. खाली लिहिलेलं, पक्ष एकच!

आता काय होतं माहितीये? पूर्वी लोक घाबरून ओलांडतच नव्हते. आता मोठ्या ऐटीत, पट्ट्यांवरून, मध्यापर्यंत येतात. आणि तिथे थांबतात. सकाळी दहाला मोजले मी, एकोणीस माणसं रस्त्याच्या मधोमध, पुढे जाता येईना, मागे फिरावंसं वाटेना. हेडमास्तर म्हणतात, बघा, प्रतिसाद वाढतोय.

काल खिडकीतून बघितलं तर शेवटच्या पट्ट्यावर घडीची खुर्ची टाकून सासूबाई बसलेल्या. पुढून ट्रक, मागून बस, आणि या चष्मा लावून निवांत पेपर वाचतायत. तशीच खाली पळाले, पट्ट्यांवरून गेले, त्यांच्या खुर्चीला हात लावून म्हटलं, "आई, चला ना हो घरी. कधी मिळणार बाकीचा रस्ता?"

त्यांनी पान उलटलं, शेजारच्या माणसाला जरा सरकायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, "बस गं इथे. पाच वर्षांचाच तर प्रश्न आहे."