गाडी का बंद केली

न्हाई मार्तंडराव, चहा नका सांगू — बसतो घटकाभर, पण चहा नको. हाच ना तो सेल्फ? महिनाभर ठेवला तुमी माझ्या नावानं, कोण ठेवतंय एवढं. द्या इकडं, बघू. दाते चांगले हायत की याचे, एक बी झिजला न्हाई. वसमतच्या गाडीचा ना हा? उलटलेली असंल. आमच्या ॲम्ब्युलन्सचं मॉडेल बंद होऊन बारा वर्षं झाली, शोरूमवाल्याला विचारलं तर तो माझ्याच तोंडाकडं बघतो, मग तुमच्यासारख्या भंगारवाल्याशिवाय आमाला कोण हाय? या एका सेल्फसाठी किती फिरलो — नांदेडला तीन चकरा, गंगाखेडला दोन. एकानं भलत्याच मॉडेलचा गळ्यात मारला, बसवायला गेलो तर भोकंच जुळंनात. कार्बन बदलून बघितले, वाइंडिंग करून बघितलं. चार दिवस बरं चालायचं अन् पाचव्या दिवशी चावी फिरवली की नुसतं खट. इंजिन उठायचंच न्हाई.

महिनाभर का आलो न्हाई? हां, तुमी फोन केलता, मी उद्या येतो म्हणलो, खरं हाय. न्हाई जमलं. मला वाटलं तुमाला कळलं असंल — न्हाई कळलं? पेपरात आलतं की. पिंगळीच्या पलीकडच्या गावातली बाळंतीण गेली, फाटकापाशी गाडी अडकली म्हणून. ती आमचीच गाडी, गावच्या मंडळानं वर्गणी करून घेतलेली. चालवायला मीच होतो. पेपरात नाव छापलंय — चालक बुद्धभूषण म्हणून.

आता तुमीच सांगा, मार्तंडराव, तुमाला गाड्यांतलं कळतंय. सेल्फ धरत न्हाई हे मला ठाऊक होतं का न्हाई? होतं. म्हणून तर मी गाडी बंदच करत नव्हतो. दवाखान्याच्या दारात चालू, पंपावर चालू — पंपवाला शिव्या द्यायचा, तरी चालू. गावात उभी करायची तर मारुतीच्या देवळापाशी उतारावर, म्हंजी सकाळी ढकलायला कुणी नसलं तरी चालंल. पेशंटला कधी कळू दिलं न्हाई. पाच महिने असं काढलं मी. मंडळाला सांगितलं होतं, अध्यक्ष म्हणले सापडला की टाकू, गाडी चालायलीय ना. चालत होती, त्यात खोटं न्हाई.

त्या दिवशी दुपारी चारचं टायमिंग असंल. मनिषा, आमच्या आळीचीच पोरगी, बाळंतपणाला माहेरी आलती. अंगावरून लय जायलं म्हणून तिची आई अनसूयाबाई पळत आली, चप्पल सुदीक न्हाई पायात. दोघींना मागं बसवलं अन् परभणीच्या दवाखान्याला निघालो. मागच्या काचांना पांढरा कागद लावलेला, आतल्याला बाहेरचं काय दिसत न्हाई. म्हातारी लेकीचा हात धरून सारखी म्हणायली, आलं बाई, आलं परभणी. तवा कुठली परभणी, फाटक बी आलं नव्हतं. अन् फाटकाला गेलो तर ते पडलेलं. वाट तुमी बघितलीच की तिथली — रुळाला जाताना चांगला चढ हाय. मी चढावरच उभा, माझ्या मागं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या भरलेल्या. मागं सरकायला इतकी जागा न्हाई. अर्धा तास फाटक बंद हो, काय करणार माणूस. धूर आत जायला लागला, तर अनसूयाबाई म्हणली, बंद कर रे बाबा जरा, लेकीला गुदमरायलंय. म्हणून बंद केली. मी न्हाई आपून होऊन केली. बाईनं सांगितलं म्हणून केली. अन् फोन ठेवतो न ठेवतो तवर फाटक वर जायलं, मी चावी फिरवली तर —

कुणाचा फोन म्हंजी? आलता एक. गाडीवर असलं की येतेतच फोन.

असं नका बघू, मार्तंडराव. तुमाला ठाऊकच हाय तर विचारायलाव कशाला. तुमचाच होता. आठवतंय का — तुमी म्हणलाव, भूषण, घावला बाबा तुझा सेल्फ. मला ऐकूच येईना. आमचं इंजिन असं घरघर करायचं, शेजारी बसलेल्याचं बोलणं कळत नव्हतं. मी म्हणलो काय, काय घावलं? तुमी म्हणलाव सेल्फ. पाच महिने फिरलो होतो मी त्याच्यापायी. हात चावीकडं कवा गेला मला कळलंच न्हाई. बंद केली अन् मग सगळं नीट ऐकलं — वसमतची गाडी, दाते शाबूत, कवा नेतो. उद्या येतो म्हणलो. इतकं बरं वाटलं, मागं पेशंट हाय हे दोन मिनिटं डोक्यातूनच गेलं. अनसूयाबाई काय म्हणली नव्हती. धूर बी नव्हता. अन् अर्धा तास कुठला, आठ मिनिटांत फाटक उघडलं.

मग खट. आणखी खट. उतरून बॅटरीच्या तारा हलवल्या, सेल्फवर पान्यानं ठोकलं. गाडी चढावर, पुढं ढकलावी तर उचलत न्हाई, मागं घ्यावी तर ऊस. ट्रॅक्टरवाला बिचारा पाठीमागच्या गाड्या एकेक काढायला लागला. अन् सगळ्यात आधी कोण आलं असंल? फाटकवाला, दत्तराव. पन्नाशीचा माणूस, लुकडा, हातातली झेंडी बगलंत मारून गाडीला खांदा लावला त्यानं. पुढच्या रेल्वेचा टाइम झाला, तवा जाऊन फाटक पाडलं, ती गेली की उघडून परत आला. मला म्हणला, घाबरू नको, पोरा. शेवटी आमी सात-आठ जणांनी चढ पार करून रुळाच्या पलीकडं नेली, तिथं उतारावर उठली. पाऊण तास गेला सगळ्यात. दवाखान्यात डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणल्या, लेकरू हाय, आई न्हाई. अर्ध्या तासाचा फरक पडला म्हणल्या. तसं कशाला सांगावं कुणी. पण सांगितलं.

अन् लगेच मला विचारलं सगळ्यांनी, भूषण, उशीर का केलास? तोंडातून निघून गेलं माझ्या — फाटक. अर्धा तास फाटक पडलेलं होतं, म्हणून गाडी बंद करावी लागली, म्हणून अडली. अनसूयाबाईला विचारलं, तिला कुठलं वेळेचं भान, तिला बाहेरचं दिसत बी नव्हतं. भूषण म्हणतो तसंच असंल म्हणली. तिचा भरवसा हाय माझ्यावर, तिच्या नवऱ्याला मीच नेलं होतं मागं, तो वाचला होता. मग लोक चिडले, अर्ज लिहिला, फाटकवाला झोपला होता म्हणून. मी तसं म्हणलो नव्हतो. झोपला हे त्यांनी लिहिलं. खाली सही माझी.

दत्तरावला कामावरून बसवलंय घरी. त्याची बायको कुसुमबाई आलती आमच्या दारात, परवा. रडली न्हाई, भांडली न्हाई. नुसतं म्हणली, तुमच्या गाडीला खांदा लावला तवापसून यांचा हात वर जात न्हाई, तुमी तेवढं तरी सांगा साहेबाला, ते जागे होते म्हणून. मी हो म्हणलो. पाणी दिलं तिला, जाताना तिनं नंबर दिला. उद्या रेल्वेची चौकशी हाय, मला बोलावलंय.

न्हाई, सेल्फसाठी न्हाई आलो मी. गाडीला तर मंडळानं टाळं लावलंय, आता कुणी बसत न्हाई तिच्यात. मी वेगळ्याच कामाला आलतो. माझ्या मोबाइलमधून तुमचा फोन मी त्याच रात्री काढून टाकला — दिसंल न दिसंल, पण टाकला. तुमच्याकडं तो असणार. कवा केला, किती मिनिटं बोललो, सगळं असणार. तेवढं पुसा म्हणून सांगायला आलो होतो मी तुमाला. अन् कुणी विचारलं तर सांगा, सकाळी बोललो होतो. हेच सांगायला आलो होतो. एसटीत बसून अख्ख्या वाटंनं बोलणं जुळवत आलो.

मोबाइल माझ्यापुढं कशाला धरायलाव? मला न्हाई बघायचं. — चार वाजून एकवीस. तीन मिनिटं. न्हाई, माझ्या हातात नका देऊ, मार्तंडराव. माझ्या हातात दिलाव तर मी पुसन.

ठेवा तुमच्यापाशी. कुसुमबाईचा नंबर लिहून देतो, तिला आज फोन करून सांगा, आपला फोन कवाचा हाय अन् मी गाडी का बंद केली ते. उद्या साहेबापुढं मी काय बोलन याचा माझा मलाच भरवसा न्हाई — त्या दिवशी बी मला खरंच सांगायचं होतं. कागद हाय का? ह्या बिलाच्या पाठीवर लिहितो. सात, दोन... हां, झालं. सेल्फ दुसऱ्या कुणाला देऊन टाका. ते बघा, गिऱ्हाईक उभंय कवाचं, त्याला काय पाहिजे ते विचारा. जातो मी.